अठ्ठावीस दातांचा डायनासोर

प्रिय सुळ्या,

तू पाठवलेली माणसं सोमवारी सकाळी आली होती. दोघंही भले होते. त्यांनी सोळा रिकामी खोकी, चिकटपट्टीचे गुंडाळे आणि रद्दीचा एक भारा बाबांच्या कामाच्या खोलीत आणून ठेवला आणि कुठून सुरुवात करू म्हणून विचारलं. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. खोकी मात्र ठेवून घेतली. उलटी घालून वर पांढरी चादर ओढली की त्यांचे छान चौथरे होतात. सगळ्यात उंच चौथऱ्यावर सध्या बाबांचा लांबमान्या डायनासोर उभा आहे आणि खिडकीतून बाहेर बघतो आहे. तेव्हा खोकी वाया गेली असं मनात आणू नकोस.

फोनवर तू जे बोललास ते मी नीट ऐकलं. महिनाअखेरीस खोली रिकामी करायची, दिसायला बरे असे वीस-पंचवीस प्राणी तुझ्या दातांच्या दवाखान्यात मुलांच्या बाकाशेजारी मांडायचे, बाकीचे कुणाला तरी देऊन टाकायचे आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं. सूनबाईने माझ्यासाठी खोली लावूनही ठेवली आहे म्हणालास. तिला सांग, मला बरं वाटलं. पण मी येणार नाही, आणि खोली रिकामी होणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्या खोलीचं दार लोकांसाठी उघडणार आहे. एकशे त्रेचाळीस प्राणी, झाडून सगळे, फुटके आणि चिकटवलेले धरून. वाचनालयातल्या बाईंनी त्यांच्या फळ्यावर तसं लिहूनही टाकलं आहे. आता मागे फिरायचं म्हटलं तर फळा पुसायला जावं लागेल, आणि तेवढे जिने चढणं माझ्या गुडघ्यांना मानवत नाही.

तुला आठवतं का माहीत नाही, पण याची सुरुवात तुझ्यापासून झाली. तू सहा वर्षांचा होतास. टूथपेस्टच्या खोक्यात एक हिरवा प्लास्टिकचा प्राणी फुकट मिळायचा. तीन शिंगांचा मिळावा म्हणून तू महिन्यात तीन वेळा टूथपेस्ट संपवलीस, त्यातली अर्धी मोरीत. बाबा म्हणाले, पोरगं आत्तापासून आपल्या धंद्याच्या मुळावर उठलंय, इतके दात घासले तर कवळ्या घालणार कोण? नवव्या वर्षी तुझा नाद सुटला. त्यांचा सुटला नाही. दिवसभर लोकांच्या कवळ्या करणारा माणूस, संध्याकाळी हात धुऊन बसायचा आणि शेपूट तुटलेल्या जनावराला कवळीच्या गुलाबी मसाल्याने शेपूट जोडायचा. म्हणून आपल्या निम्म्या डायनासोरांच्या शेपटीला हिरडीचा रंग आहे. तू याच्यावर हसायचास. मीही हसायचे.

मग दुकानात मिळत नाहीत ते प्राणी ते स्वतः करू लागले, कवळीच्या साच्याच्या प्लास्टरमधून. पहिला केला तो मोठा मांसाहारी, मागच्या पायांवर उभा, जबडा वासलेला. तीन आठवडे खपले. झाल्यावर मला बोलावलं. मी तेव्हा वाचनालयातून डायनासोरांवरची पुस्तकं आणायला लागले होते. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला ठाऊक आहे, पण पुस्तकाला कुठे माहीत असतं कोण कितवी शिकलंय. मी त्या जबड्यातले दात मोजले. वर चौदा, खाली चौदा, पुढे पटाशीचे, बाजूला सुळे, मागे दाढा. अठ्ठावीस. वीस वर्षं कवळ्या करणाऱ्या हाताने त्या जनावराच्या तोंडात अख्खी कवळी बसवली होती. अक्कलदाढा तेवढ्या नव्हत्या, कारण कवळीत त्या कोणी बसवत नाही. मी म्हटलं, अहो, याला साठेक दात असायचे, आणि सगळे टोकदार. त्यांनी जबड्यात बोट घालून दाढा चाचपल्या आणि म्हणाले, मग हा म्हातारा असेल, कवळी लावून आलाय.

तो त्यांनी फोडला नाही. काचेच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला आणि त्याला तिथे उभा केला. त्याला आम्ही चुकांचा कप्पा म्हणायचो. पुढे मी पुस्तकातून सांगत गेले आणि तो कप्पा भरत गेला. एका प्राण्याचा अंगठा पहिल्यांदा सापडला तेव्हा मोठमोठ्या जाणकारांनी तो शिंग समजून नाकावर बसवला होता. एका समुद्री प्राण्याचं डोकं कुणा विद्वानाने शेपटीच्या टोकाला लावलं होतं. बाबांनी हे दोन्ही प्राणी तसेच्या तसे चुकीचे केले, मुद्दाम, आणि आपल्या अठ्ठावीस दातवाल्याच्या शेजारी ठेवले. पाहुणा आला की आधी हा कप्पा दाखवायचे. इथे सगळे मोठ्या घरचे आहेत, म्हणायचे. बदकचोच्या प्राण्याचा दात झिजला की खालून दुसरा यायचा आणि हे जन्मभर चालायचं, असं मी वाचून दाखवलं त्या दिवशी त्यांनी जेवताना भाकरी अर्ध्यावर ठेवली. मी कारण विचारलं. म्हणाले, त्यांच्यात आपण उपाशी मेलो असतो.

आता मांडणी कशी केली आहे ते सांगते. खिडकीपासून दारापर्यंत खोली चौदा फूट आहे. ती म्हणजे पंचवीस कोटी वर्षं धरली आणि शिंप्याच्या टेपने मोजून ज्याला त्याला त्याच्या काळावर उभं केलं. हिशोब तीनदा करून पाहिला, कारण पहिल्या दोन वेळा मॅमथ रस्त्यावर जात होता. तो आता अगदी उंबरठ्याला खेटून आहे. दारापासून पावणेचार फुटांवर मी खडूची रेघ मारली आहे. तिथे डायनासोर संपतात. रेघेच्या पुढे वीतभर जागा मोकळी सोडली आहे. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, तिथे काहीतरी ठेवा, रिकामं दिसतं. मी म्हटलं, दिसू दे. आणि आपण सगळी माणसं, पहिल्या माणसापासून तुझ्या-माझ्यापर्यंत, उंबरठ्याच्या फटीत मावतो. अर्ध्या सेंटीमीटरमध्ये. हे कळलं त्या दिवशी मी खोलीत जमिनीवर बसून राहिले. रडले नाही. बाबा गेल्यापासूनच्या नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की ते आणि मी एकमेकांपासून फार लांब गेलेलो नाही.

प्रत्येक प्राण्यापुढे चिठ्ठी आहे, ती बाबांच्या कामाच्या चिठ्ठीवरच लिहिली आहे. कोऱ्या अडीचशे शिल्लक होत्या. रुग्णाचं नाव असतं तिथे प्राण्याचं नाव, वयाच्या जागी कोटी वर्षं, मग दातांची संख्या, दातांची छटा, आणि सगळ्यात खाली 'तपासले' आणि सही. बाईंना वाटलं हे जरा विचित्र दिसेल. मग त्यांनी चार चिठ्ठ्या वाचल्या आणि तोंडाला पदर लावला.

चुकांच्या कप्प्यातली शेवटची वस्तू प्राणी नाही. ती तू तिथे पाहिलेली नाहीस, कारण तेरा महिने झाले, तू त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाहीस. येतोस, उंबरठ्यावर उभा राहतोस, किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवतोस, आई, तुला काही हवं का विचारतोस आणि जातोस. मी इतके दिवस बोलले नाही. तुझी आई आहे, मला दिसतं. ती वस्तू म्हणजे मेणावर दात लावलेली एक कवळी. तुझ्याच दवाखान्यातली. तू ती परत पाठवली होतीस, सोबत चिठ्ठी होती: बाबा, सुळे उलटे बसलेत. आता पुरे करा. पुढचं काम मी दुसरीकडे देतो. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले, आणि आपल्या चिठ्ठीनेच ते खचले, असे तू मनाशी दोन आणि दोन चार केलेस. हॉस्पिटलातल्या त्यांच्या शेवटच्या आठवड्यात ते झोपले आहेत असं समजून त्यांच्या पायाशी बसून तू काय म्हणालास, ते मी दारातून ऐकलं आहे. त्यांनीही ऐकलं होतं. ते झोपले नव्हते.

त्यांनी तुझ्यावर कधी दात धरला नाही. जन्मभर दात बसवले, पण तेवढा एक कधी बसवला नाही. मात्र मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. दोनदा फाडलं, हे तिसरं.

ती कवळी त्यांनी केलीच नव्हती. मी केली होती. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे त्या कवळीच्या आधीचं दीड वर्ष, तुझ्याकडे आलेली जवळजवळ प्रत्येक कवळी माझ्या हातची होती. आधी मी नुसता स्पिरिटचा दिवा धरायचे, मग मेण वितळवायला लागले, मग दात लावायला. ते खिडकीजवळच्या खुर्चीत आणि मी समोरच्या स्टुलावर, मध्ये टेबल. समोर बसून शिकले, त्यामुळे त्यांचं उजवं ते माझं डावं व्हायचं आणि कधीकधी माझ्या हातून सगळी बत्तीशी आरशातल्यासारखी उलटी लागायची. ते रागावायचे नाहीत. 'आरसा पूस' एवढंच म्हणायचे, आणि मी सुळे काढून पुन्हा लावायचे. त्या दिवशी दुपारी ते गोळ्यांच्या गुंगीत होते. तुझा माणूस कवळी न्यायला यायचा होता. मला वाटलं, इतकी कामं केली, आता काय दाखवायचं. खोटं कशाला बोलू, थोडा तोराही होता. मी तशीच बांधून दिली. आरसा पूस म्हणायला कोणी जागं नव्हतं.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा मी फोनकडे धावले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "काम माझ्या नावाने गेलं ना, मग चूकही माझ्याच नावाची." मी भांडले. त्यांनी ऐकलं नाही. कवळी कप्प्यात ठेवली आणि कामाच्या चिठ्ठीवर, तू बघशील, अक्षर कसं वेडंवाकडं आलंय, लिहिलं: सुळे उलटे. काम माझं. ते हयात असताना मी गप्प राहिले, कारण तो त्यांचा मान होता. ते गेल्यावर गप्प राहिले, ती मात्र माझी भीती होती. तू मला काय म्हणशील याची. आणि त्या भीतीपायी नऊ महिने मी तुला तुझ्याच बापाच्या उंबरठ्यावर उभा ठेवला. अंगठा नाकावर बसवणाऱ्यांची चूकसुद्धा एवढी मोठी नव्हती. निदान तो अंगठा काढून योग्य जागी बसवता आला. म्हणून परवा मी त्या चिठ्ठीवर त्यांच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे: काम माझं, त्यांचं नाही. रविवारी सगळं गाव वाचेल. तू आधी वाचावंस असं वाटलं.

आणखी एक आहे. अठ्ठावीस दातवाल्याची भरपाई म्हणून त्यांनी दुसरा मोठा मांसाहारी करायला घेतला होता, या वेळी साठ दातांचा. एकतीस बसवून झाले आणि हात बंद पडले. उरलेले मी रोज चार-पाच लावते आहे. स्टुलावर बसून नाही. त्यांच्या खुर्चीत बसून. तिथून उजवं उजवीकडेच दिसतं, इतकी वर्षं मला हे कळायला हवं होतं. शनिवारपर्यंत अठ्ठावन्न होतील. शेवटचे दोन मी तुझ्यासाठी ठेवते आहे. मेण मऊ करून ठेवीन, दिवा पेटवून ठेवीन, स्टूल पुसून ठेवीन. तू उंबरठ्यावर नको थांबूस, तिथे मॅमथ आहे, तुला उभं राहायला जागा नाही. आत ये. त्याच्या चिठ्ठीवर 'तपासले'च्या पुढची जागा कोरी आहे, ती सही दातांच्या डॉक्टरचीच हवी. दार दहाला उघडतं, तू साडेनऊला ये. सव्वादहापर्यंत आला नाहीस तर ते दोन दात मी बसवीन आणि खाली सहीही माझी करीन. पण ते उलटे बसले तर, लेका, आरसा पूस म्हणायला आता तूच आहेस.

तुझीच, खिडकीजवळच्या खुर्चीतून,
आई