‘कळवतो’ म्हणजे काय?

रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

पाहुणे गेले एकदाचे! मुलगा हिंगण्याला कारखान्यात फिटर, नाव कृष्णकांत. मी सरळच विचारलं — लग्नानंतर माझी शाळेतली नोकरी चालेल ना? तो म्हणाला, “तसं पाहिलं तर… पाहू.” वर्गात असं उत्तर आलं की मी लाल पेन्सिलीने ‘मोघम’ लिहून शून्य देते. याला दिलं नाही. हसतो छान.

निघताना त्याचे वडील चपला शोधत म्हणाले, “कळवतो.”

मंगळवार, ६ फेब्रुवारी

‘कळवतो’ म्हणजे नक्की काय? कधी? कोण?

शेजारच्या चंपतरावांकडे बरं असतं. पत्रिका जुळत नाही म्हटलं की विषय मिटला, कुणाला राग नाही. आम्ही छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पत्रिका तेव्हाच सुटल्या. आता नकार द्यायला सोयीचं काही उरलंच नाही. मग सगळे मोघम बोलतात!

रविवार, ११ फेब्रुवारी

काही नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “त्यायचं चालू आहे.” काय चालू आहे? “पाहून राहिले.” म्हणजे होकार? “तसंच काहीतरी.” बाबा माझ्या वर्गात असते तर चौथीतच राहिले असते. वर आईच मला रागावली — “जया, काहून त्यायच्या मांगं लागली वं?”

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज बाबांशी भांडले. बळीराममामांनी स्थळ आणलं, त्यांना जाऊन विचारायला काय होतं? बाबा बाहेर पडले आणि पान खाऊन परत आले. “भेट नाही झाली.”

मला तो आवडला आहे. लग्न करायचं तर त्याच्याशीच. हे तरी मोघम नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

धरमपेठेच्या बाजारात बळीराममामांची चंद्रकलामामी भेटली. मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाली, “अजून त्याचीच वाट पाहून राहिली का वं? त्यायनं तं दुसऱ्याच दिवशी नाही म्हटलं. नोकरीवाली पोरगी नको म्हणे. तुह्या मामानं घरी येऊन सांगतलं ना तुह्या बाबाले.”

भाजी न घेताच आले. फार वाईट वाटलं. नकाराचं वाटलंच, पण सोमवारी बाबांना काय काय बोलले त्याचं जास्त.

रविवार, २५ फेब्रुवारी

जेवताना बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, “त्यायचं अजून पक्कं नाही दिसत.”

मी म्हटलं, “पाहू द्या ना, बाबा. घाई काय आहे?”