दोन तासांचं विमान

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही दोघं लेकीकडे सुखरूप पोचलो. (तुझी भावजय सुखरूप, मी नुसता पोचलो.)

तुला ठाऊकच आहे, घड्याळं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. वेळेच्या बाबतीत मला शिकवील असा निदान आपल्या गल्लीत तरी कोणी नाही. तिकिटावर छापलं होतं, निघणार सकाळी दहाला, पोचणार त्याच दिवशी दुपारी बाराला. म्हणजे दोन तास! म्हणून तर नातीला बघायला यायला मी कबूल झालो. दहा हजार किलोमीटर अंतर आहे असं जावई फोनवर म्हणाले, तर मी म्हटलं, अहो, विमान आहे ते, बैलगाडी नव्हे. डबा, स्वेटर, माझ्या रात्रीच्या गोळ्या, सगळं मी पिशवीतून बाहेर काढून ठेवलं. तुझ्या भावजयीने चकार शब्द काढला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

बाराच्या ठोक्याला पिशवी काखोटीला मारून मी दाराशी जाऊन उभा राहिलो. हवाई सुंदरीने (पोरगी फार सोशिक) परत आणून बसवलं. मी उठायचो, ती बसवायची. माझ्या मनगटावर रात्रीचे आठ वाजले तरी खिडकीबाहेर लख्ख दुपार! तेव्हा मात्र पाचावर धारण बसली. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना चुकीची वेळ लावून दिली की काय, असं वाटायला लागलं. मग ही शांतपणे म्हणाली, "अहो, तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा दहा तास मागे असतात. पोचायची वेळ तिकडची लिहितात. प्रवास बारा तासांचा आहे." आणि पिशवीच्या तळातून डबा काढला, स्वेटर काढला, गोळ्याही काढल्या. आधी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर बसला असता का विमानात?"

ताई, तिचाही विमानाचा पहिलाच प्रवास गं. पण शेजारच्या परक्या आजीबाईंकडून (एकीला दुसरीच्या भाषेचा गंध नाही) नुसत्या खाणाखुणांवर विणकामाचा नवा टाका शिकली. विमान हेलकावे खायला लागलं तेव्हा एका हाताने माझा हात धरला, दुसऱ्याने त्यांचा. असं माणूस माझ्या वाट्याला कसं आलं, कोण जाणे. तिला हे कधी बोललो नाही, म्हणून तुला लिहितोय.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम आता सांगतो. ती म्हणते, नातीला दात येईपर्यंत मी राहते, तुम्ही पुढे व्हा. बारा तास आहेत हे कळल्यावर एकट्याने बसणं माझ्याच्याने होणार नाही. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही, तेव्हा तिला माझ्याबरोबर परतायला सांग. माझं नाव मात्र काढू नकोस. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय, पण पाकीट चांगलं चिकटवलंय.

वन्सं, ही मी, तुमची भावजय. पाकीट काही तितकंसं चिकटलं नव्हतं. माझं परतीचं तिकीट ह्यांच्या शेजारचंच आहे, निघतानाच काढलंय. पण इतक्यात ह्यांना कळवू नका. हल्ली सकाळचा चहा हेच करतात आणि साखर बरोबर आहे ना, असंही विचारतात. वर ‘असं माणूस’ म्हणून लिहिलंय ते एकदा माझ्या तोंडावर म्हणू देत, मग सांगेन.