अर्जातली झीज

१२ जाने., कारंजा
दिवाळीपासून इथं एक ओळ नाही. चुकलं माझं. डावा गुडघा दुखतोय, हे रोज काय लिहायचं. वीस वर्षं एस.टी.त उभं राहून तिकिटं दिली; गेला महिना आगारात टेबलावर. हलक्या कामाच्या अर्जात 'गुडघ्याची झीज' लिहिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं 'गुडघेदुखी' होतं. झीज मीच ठरवली.

१४ जाने.
एक्स-रे चांगला. झीज नाही. बरं वाटलं, आणि लगेच: मग दुखतं ते खोटं?
टेबलासाठी शोभाताईचाही अर्ज होता. तीही कंडक्टर, माझ्याहून मोठी, अजून शिरपूरच्या गाडीवर. तिची झीज फोटोत दिसते. डबा खाताना म्हणाली, "खुर्चीवर बसलं का गुडघा लवकर बरा होते म्हन्तात. झाला काय वं?" सगळे हसले. मीही.

१६ जाने.
फिजिओथेरपीच्या मॅडम, माझ्या भाचीएवढ्या. बसवून पाय हळूहळू सरळ करायला लावला, माझंच बोट गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं. शेवटी वाटी बाहेरच्या अंगाला सरकते. स्वतः चाचपलं. मांडीचा बाहेरचा स्नायू आधी ओढतो, आतला उशिरा जागा होतो.
"गाडीत उभ्या कशा राहता?"
दाखवलं. पाठ सीटच्या दांडीला, डावा गुडघा मागे ताणून गच्च.
"म्हणजे मांडीला कामच नाही. शिकवू तिला."
दुखणं खरं आहे, ऑपरेशन नको, म्हणाल्या. स्टँडवर चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी चव लागली.

३० जाने.
काल मॅडमनी दिलेला व्यायाम न करताच त्याच्या वहीत खूण केली होती. खोडली.

२१ फेब्रु.
जिना उतरताना दुखलं नाही. खात्री करायला तीनदा उतरले. आतला स्नायू बोटाखाली वेळेवर घट्ट होतो. मॅडम म्हणतात, थोड्या दिवसांत गाडीवर जा, फक्त गुडघा किंचित वाकवून उभ्या राहा.
केवढं हलकं वाटलं. पण टेबल आवडायला लागलंय. सहाला घरी. कोणी काही विचारत नाही. खिडकीतून शोभाताई दिसते, दोन्ही हातांनी दांडी धरून गाडीत आडवी चढते.

२३ फेब्रु.
शोभाताईला सगळं सांगितलं, अर्जातल्या शब्दासकट. ती डबा बांधत राहिली.
"मंग मले कायले सांगून राह्यली? सायबाले सांग."
जरा वेळानं, "आन् पुन्हा त्या दांडीले टेकून उभी राह्यली त माह्याशी गाठ हाय."
छातीवरचं ओझं उतरलं. साहेब काय म्हणतील, टेबल तिलाच मिळेल का, शिरपूरच्या रस्त्यावर माझी वाटी जागेवर राहील का...

उद्या: साहेबांना लेखी देणे, झीज नव्हती.