आईचं माहेरचं आडनाव

६ ऑगस्ट ९९, सांगली
शाळा सुटल्यावर परस्पर सायबर कॅफेत. दादाचं पत्र! शिकागोत बटण दाबलं की इथं हजर. ना तिकीट, ना पोस्टमन. अजून अंगावर काटा येतो. त्याची छकुली पावलं टाकायला लागली. घरी येऊन आईला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. बाहेर बाबा. दादानं परजातीत लग्न केल्यापासून घरात त्याचं नाव काढायचं नाही. बाबांना कळलं तर आईचं काही खरं नाही.

१३ ऑगस्ट
पासवर्ड लागेना. कॅफेवाला सुहास म्हणाला, "इसरला असाल ताई. प्रश्न इचारतंय बघा, त्याचं उत्तर द्या."
प्रश्न: आईचं माहेरचं आडनाव. दिलं, उघडलं. नवा पासवर्ड घातला. पण दादाचं नवं पत्र कुणीतरी आधीच वाचलेलं! सुहासला विचारलं, दुसरं कुणी कसं उघडेल?
सुहास हसायलाच लागला. "आवं, कुणाच्याबी आईचं माहेर पेठेत कुणाला म्हाईत न्हाई? ई-मेलचा पत्ता गावला की हेच उत्तर द्यायचं, नवा पासवर्ड घालायचा, झालं काम."
खरंच की! अमेरिकेत ही गुप्त गोष्ट. इथं पहिल्या भेटीत विचारतात.

१४ ऑगस्ट
कोण? काकूच असणार. सगळीकडे नाक खुपसते. आता बाबांच्या कानावर घालणार. आई पांढरीफटक. ई-मेलचा पत्ता फक्त तिला लिहून दिला होता. देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलाय म्हणाली. पोथीत...

२० ऑगस्ट
पुन्हा तेच. सुहासला धरलं. कोण आलं होतं?
"म्या कुणाच्या पडद्यात बघत न्हाई ताई. पर काल एक आजोबा आलं व्हतं, काळी टोपीवालं. पासवर्ड इसरलो म्हणाले. पुढचं दाखवलं. काय टायपिंग वो त्यांचं! खाली न बघता, धडाधड."
बाबा. जन्मभर कोर्टात टायपिस्ट. आणि पोथी रोज तेच वाचतात.
बाबा, खोटं बोलून, इथं!
सुहास म्हणाला, "प्रश्न बदला आता. फकस्त तुमालाच ठावं असंल असं कायतरी घाला."
नाही बदलला.

२१ ऑगस्ट
जेवताना बाबांकडे बघत होते. त्याच आठ्या. "आमटीत मीठ कमी आहे." बास, एवढंच. इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस आपल्याला पाठ आहे. आईला सांगितलं. पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "विचारू नकोस हं काही."
दादाला कळवलं: पत्र मोठं लिही. छकुलीचं सगळं लिही. का ते नाही सांगितलं.

२७ ऑगस्ट
पासवर्ड लागला नाही. देवा, काय बरं वाटलं! उत्तर देऊन आत गेले. दादाचं लांबलचक पत्र, वाचलेलं. आणि एक न पाठवलेलं. वर दादाचा पत्ता, बिनचूक. खाली इंग्रजी कॅपिटल अक्षरांत मराठी:
चि. अविनाश यास अनेक आशीर्वाद.
पुढं कोरं.
डोळे भरून आले, पडदा दिसेना. पाठवायचं बटण तिथंच होतं. हात नाही लावला. त्यांचं त्यांना पुरं करू दे.