कुणाला काही अडचण?

सोमवार, ४ मार्च

आजपासून दवाखान्यात मीटिंग सुरू! रोज सकाळी, पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आधी, उभ्या उभ्या. बसलं की माणसं पसरतात. जागा – मागची खोली, जिथे इन्स्ट्रुमेंट्स धुतली जातात. ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर तिथेच घरघरतो, पण चालायचंच. दवाखान्यात पाऊल टाकलं की तोंडाला मास्क, हा माझा जुना नियम. मीटिंगलाही तोच.

आज कोण येणार, काल काय राहिलं, ते सांगून झालं. शेवटी विचारलं, "कुणाला काही अडचण?" काउंटरवरच्या ताई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. "बरं, बरं," म्हणालो. पहिला दिवस आहे, होईल सवय.

बुधवार, ६ मार्च

मीटिंग कसली, माझं भाषणच. ताई, नवी डॉक्टर आणि लंबू – आमचा मदतनीस, चाळिशी उलटली तरी दारातून वाकूनच येतो – तिघं पुटपुटतात आणि एकमेकांकडे बघतात. काहीतरी शिजतंय. माझ्याच दवाखान्यात मला पाहुण्यासारखं वाटायला लागलंय. घरी येऊन टीव्ही लावला, तर ही कानांवर हात ठेवून आत निघून गेली. सगळ्यांचंच बिनसलंय.

शुक्रवार, ८ मार्च

मीटिंग झाली. म्हणजे मी बोललो.

सोमवार, ११ मार्च

थोडक्यात वाचलो. एक आजोबा दाढ काढायला आले होते. इंजेक्शन हातात घेतलं आणि ते म्हणाले, "डॉक्टर, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. चालेल ना?" दाढ काढली असती, तर रक्त थांबता थांबलं नसतं. त्यांना तसंच परत पाठवलं, आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलतो म्हणून.

चहाच्या वेळी तिघांना धरलं. "हे सकाळी मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?" ताई म्हणाल्या, "सांगितलं की, सर. दोनदा." लंबूने मान डोलावली. नवी डॉक्टर म्हणाली, "सर, खरं म्हणजे तुम्हाला–" तिला मी पुढे बोलूच दिलं नाही. म्हणालो, "तिघं मिळून खोटं बोलायचं ठरवलंय का?"

ताईंनी कप खाली ठेवला. "मी खोटं बोलत नाही, सर." आणि काउंटरवर जाऊन बसल्या. चहा तसाच राहिला.

मंगळवार, १२ मार्च

ताई महिनाअखेर काम सोडणार! दवाखान्याची पाटी लावली तेव्हा मी स्टुलावर आणि खाली खिळे हातात घेऊन ताई. रडणारी पोरं त्याच खुर्चीपर्यंत आणतात, भांडायला आलेल्यांना त्याच शांत करतात. त्या गेल्या तर मी काय करणार, मला खरंच कळत नाही.

पण माफी कशाची मागू? जे ऐकलंच नाही, ते ऐकलं कसं म्हणू? हिला सांगितलं, तर ही म्हणते, "ताई खोटं बोलायच्या नाहीत." म्हणजे मी बोलतो? जेवणावरून उठलो. नंतर भूक लागली, ती वेगळीच.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी लवकर गेलो, घरात चैन पडेना. मागच्या खोलीत ताई पाणी पीत होत्या, मास्क हनुवटीखाली. मला बघून म्हणाल्या, "सर, माझ्या जागी जी कोण येईल–" आणि माझा नियम आठवून त्यांनी मास्क वर ओढला.

आवाज गेला! कुणी रेडिओचं बटण पिळावं तसा. उरली ती नुसती गुणगुण. पण मास्कचं कापड आत-बाहेर होत होतं, भुवया हलत होत्या. म्हणजे बाई बोलत होत्या. चांगल्या घडाघडा बोलत होत्या.

"मास्क खाली घ्या," मी म्हणालो. त्या बघतच राहिल्या. घेतला. "–तिला सगळं शिकवूनच जाईन, असं म्हणत होते." शब्दन् शब्द कळला. पुन्हा वर घ्यायला लावला. पुन्हा गुणगुण.

इतकी वर्षं कानाशी ड्रिल फिरवतोय, आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये! खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाकडे मी बघतच असतो. तिथे निभावून गेलं, ते बहुतेक त्यामुळेच. ताईंना दाखवायला तोंडच नव्हतं. आजोबांचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येतोय. ते आपणहून बोलले नसते तर? भीती वाटते. लाज त्याहून जास्त.

शुक्रवार, १५ मार्च

मीटिंग. कॉम्प्रेसर बंद, सगळ्यांचे मास्क खाली. आज मीच आधी बोललो. "अडचण मला आहे. मला ऐकू कमी येतं. ताई, माझं चुकलं."

कुणीच दचकलं नाही. ताई हळूच म्हणाल्या, "सर, पहिल्या दिवसापासून आम्ही हीच तर अडचण सांगतोय. तुम्ही 'बरं, बरं' म्हणायचात."