दोघांचा कोयता, एकट्याचा आयडी

अण्णा, तुमचा ऊसतोडीचा मुकादम निदान दसऱ्याआधी मिरजगावला घरी यायचा, चहा प्यायचा. त्याच्या तोंडाकडं बघून तुम्ही ओळखायचात, हा कुठं फसवणार. माझा मुकादम मोबाईलमध्ये आहे, त्याला तोंडच नाही. सावेडीत घरोघर जेवण पोचवतो मी. ॲप म्हणतं, तुमच्या मर्जीनं काम करा. मर्जीनं म्हणे! एका रविवारी बंद ठेवलं, तर पुढं तीन दिवस लांबलांबच्याच ऑर्डरी. बाकीची पोरं म्हणतात, योगायोग. मला नाही पटत.

मागच्या महिन्यात ताप भरला. मग आपल्याकडं करतात तेच केलं. तुमची पाठ धरली तेव्हा आईबरोबर मामा फडात उभा राहिलाच होता ना? नवरा-बायको मिळून एक कोयता. एक पडलं तर घरातलं दुसरं माणूस उभं राहतं, आणि तोड चालू असली की मुकादम काही विचारत नाही. बायको म्हणाली, स्कूटी येते मला, द्या मोबाईल. दिला. दुपारी ॲपनं मधेच चेहऱ्याचा फोटो मागितला. हिनं ओढणी सारखी करून स्वतःचा काढला! जागच्या जागी माझा आयडी बंद. तक्रार टाकली, उत्तर नाही. मी तिलाच नको नको ते बोललो.

ती रडत बसली नाही. स्वतःच्या नावानं आयडी काढला, दोन दिवसांत मिळालाही. एवढ्या पटकन कसा? यात काहीतरी काळंबेरं आहे, असं तिला म्हटलं. ती म्हणाली, "तुमी लई इचार करता. मला बरं वाटतंय भाईर." तेव्हापासून मला तिचाही संशय येतो. कशाचा, ते धड सांगता येत नाही.

तुमचं बोट चिरलं तो दिवस आठवतो. मी घरी चला म्हणालो, तर फडकं बांधता बांधता मलाच रागावलात. "खाडा केला तर दुसरी जोडी बघंल त्यो." मीही सात वर्षं तसाच धावलो. आता भर दुपारी ती उन्हात फिरतेय आणि मी पंख्याखाली बसून हे लिहितोय. लिहून झालं की फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको.

कारण अण्णा, ताप कधीच उतरलाय, आणि माझा आयडी परवाच चालू झालाय. ती घरी आली की विचारते, झालं का काही? मी म्हणतो, "न्हाई अजून. ह्या लोकांचा काय भरवसा?"