सगळे मुळे एकदम

प्रिय चिंगे,

पन्नाशीला लग्न केलेल्या बाईला चिंगी म्हणू नये, असं तुझ्या नवऱ्याला वाटत असेल तर त्याला सांग, मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हे नाव माझ्या तोंडात आहे. तो कालचा आलेला.

पत्र कशासाठी ते शेवटी सांगते. आधी माझा संताप ऐकून घे, कारण इथे ऐकायला कुणी नाही. या शनिवारी सभासदांना हंगामातली भाजीची पहिली पेटी द्यायची आणि शेतात आहेत फक्त मुळे. मुळे, मुळे आणि मुळे! तू दर आठवड्याला चिमूटभर बी घेऊन जायचीस, एकच वाफा पेरून परत यायचीस. मी हसायचे, म्हणायचे, ही बाई पेरतेय की भाजीत मीठ टाकतेय? यंदा म्हटलं, एकदाचं उरकून टाकू. एका दिवसात सगळं बी जमिनीत घातलं आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आता सगळे मुळे एकदम डोकी वर काढून माझ्याकडे बघताहेत. थांबावं तर जून होऊन आतून पोकळ पडतील. काकडीला अजून फूल नाही आणि पालकाची गोगलगायींनी चाळण केलीय.

आणि हे सभासदांना सांगायचं कुणी? हंगामाआधी पैसे भरायचे, मग दर शनिवारी शेत देईल ते मुकाट्याने घरी न्यायचं, निवडानिवड नाही, कुरकुर नाही, ही योजना तुझी. लोकांशी गोड तू बोलायचीस, मी मागे पेट्या धुवायचे. आता पुढेही मीच आणि मागेही मीच. गेल्या रविवारी मंडळी तण काढायला आली होती. आपल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गाजराची अख्खी ओळ उपटली आणि गवत तेवढं नीट राखून ठेवलं. वर मला म्हणतात, बघा, कसं स्वच्छ झालं! कपाळ माझं. तू असतीस तर हसून त्यांना चहा पाजला असतास. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. शिवाय येईल तो विचारतो, तुमच्या नणंदबाई दिसत नाहीत? मी सांगते, लग्न केलं तिने. मग सगळे इतके खूश होतात की हातातलं खुरपं फेकून मारावंसं वाटतं.

केलं तरी कुणाशी! दर शनिवारी पेटीत डोकावून ‘पुन्हा बीट?’ म्हणणाऱ्या माणसाशी. बीट कसं खायचं ते तू त्याला फाटकाशी उभी राहून समजवायचीस, आधी पाच मिनिटं, मग अर्धा अर्धा तास. मागची रांग उन्हात सुकायची आणि मी भोळी, मला वाटायचं खरंच बिटाचंच चाललंय. भाजी न्यायला आला आणि घरातलं माणूस उचलून घेऊन गेला.

तुझं चांगलं झालं याचा मला आनंदच आहे, खोटं कशाला बोलू. तुझा दादा गेला तेव्हा तू तुझी नोकरी, तुझी खोली सगळं सोडून माझ्यासाठी इथे आलीस. तुला हे सुख मिळायलाच हवं होतं. पण सकाळी वाफ्यात उतरल्यावर भांडायचं कुणाशी, ते मला कळत नाही. गोगलगायींशी किती भांडणार?

तर आता कारण. काल जावईबापूंचा फोन आला. यंदा मोठी पेटी हवी, दोघांसाठी. वहिनीला एकटीला फार काम पडतं, तिला आणखी त्रास नको, म्हणून तूही शनिवारी इतर सभासदांसारखी रांगेत उभी राहणार आहेस म्हणे. अगं, काही वाटतं का तुला? मी पेटी पुढे करायची आणि तू मला थँक्यू म्हणायचं? मी हो-हो म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर जळफळत बसले. तोंडाने मागायला गेले की माझ्याकडून भांडणच होतं, म्हणून हे लिहितेय. तुला पेटी मिळणार नाही. शनिवारी उजाडायच्या आत मागच्या फाटकाने ये. तुझे गमबूट दाराशीच आहेत, आतली कोळ्याची जाळी मी झाडून ठेवलीय. जावईबापूंनाही आण. बिटं निघेपर्यंत मुळे धुवायला बसवू. मला एकटीला नाही गं जमत. डॉक्टरीणबाईंनी मोकळी केलेली ओळ मी अजून तशीच ठेवलीय. बी आणलंय, पण पुडी फोडली नाही. चिमूट तुझीच लागेल.

तुझीच,
अजूनही चिडलेली
वहिनी